प्रकल्प नोंदी: चित्र तेच, दिसणे वेगळे

८ जुलै २०२४, सांगली

अकरावी विज्ञान शाखेतील अनुजा, रोहन आणि सानिया यांनी यंदाच्या प्रकल्पासाठी दृष्टीचा विषय घेतला आहे आणि मार्गदर्शक शिक्षिका म्हणून कामाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आज आम्ही प्रश्न नक्की केला. समोरच्या चित्रात कणभरही बदल होत नसताना आपल्याला दिसणारे चित्र मात्र का बदलते, आणि ते नेमके कधी बदलायचे हे कोण ठरवते?

सुरुवात फळ्यावर काढलेल्या घनापासून केली. एकमेकांवर थोडे सरकवलेले दोन चौरस काढून त्यांचे कोपरे जोडले की बारा रेषांचा पारदर्शक घन तयार होतो. काही क्षण त्याची खालची बाजू पुढे आल्यासारखी वाटते, मग एकाएकी वरची बाजू पुढे येते. लुई अल्बर्ट नेकर या स्वित्झर्लंडच्या स्फटिकशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांना लिहिलेल्या पत्रात हा अनुभव प्रथम मांडला. स्फटिकांच्या आकृत्या तपासताना त्या आपोआप उलटतात, हे त्याच्या लक्षात आले होते. ज्या कोपऱ्यावर नजर स्थिर असते तो कोपरा जवळचा वाटतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही, कारण एकाच बिंदूवर नजर रोखून धरली तरी घन उलटतच राहतो. वर्गातील सर्वांनी हे लगेच पडताळून पाहिले. नजर हलली नाही आणि खडूची रेघही हलली नाही, याचा अर्थ जे काही हलले ते डोळ्याच्या मागे कुठेतरी हलले असले पाहिजे.

१६ जुलै २०२४

घनाच्या बाबतीत एकाच रेषासमूहाचे दोन अर्थ असतात. त्याहून तीव्र प्रकार असा की दोन डोळ्यांना एकाच जागी दोन अगदी वेगळी चित्रे दाखवायची. आपले दोन डोळे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असल्याने त्यांना दिसणारी चित्रे एरवीही थोडी वेगळीच असतात आणि त्या छोट्या फरकातूनच मेंदू खोली काढतो. परंतु फरक जुळवता येण्यापलीकडे गेला की मेंदू दोन्हींचे मिश्रण करून दाखवत नाही. काही सेकंद डाव्या डोळ्याचे चित्र दिसते, उजव्याचे पूर्णपणे नाहीसे होते, मग उलट घडते, आणि जोपर्यंत पाहत राहू तोपर्यंत हे चालू राहते. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आपल्या त्रिमितिदर्शक यंत्राचे वर्णन करताना ही गोष्ट नोंदवली होती. एका डोळ्यापुढे एक आणि दुसऱ्यापुढे दुसरे अक्षर ठेवले असता अक्षरे आलटून पालटून दिसतात, असे त्यांनी लिहिले. त्याच्याही खूप आधी, १५९३ मध्ये, इटलीतील जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी दोन डोळ्यांपुढे दोन पुस्तके धरून एका वेळी एकच वाचता येते, हे सांगितले होते. या घटनेला इंग्रजीत बायनॉक्युलर रायव्हलरी म्हणतात. आम्ही नोंदींत ‘दोन डोळ्यांची चुरस’ असे लिहिणार आहोत.

लाल आणि हिरव्या पारदर्शक कागदांचे चष्मे करून पाहायचे ठरले. सांगलीत नाटकाच्या प्रकाशयोजनेचे साहित्य मिळणे अवघड नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ याच गावात सादर केले, आणि हौशी नाट्यमंडळींची परंपरा इथे आजही जागती आहे. अनुजाच्या काकांनी त्यांच्या मंडळाच्या पेटीतून स्पॉटलाइटला लावण्याचे लाल-हिरवे जिलेटिन आणून दिले. पांढऱ्या कागदावरील लाल रेषा लाल जिलेटिनमधून पुसल्यासारख्या होतात आणि हिरव्यातून काळ्या दिसतात. हिरव्या रेषांचे याच्या उलट होते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला फक्त आपापल्या रेषा दिसाव्यात, अशी ही योजना आहे. चुरस दिसली, आणि पहिल्यांदा दिसली तेव्हा तिघांनाही जो आनंद झाला तो मला पुढे बराच काळ लक्षात राहील. तथापि हिरव्या जिलेटिनमधून हिरव्या रेषांची पुसट छाया दिसत राहते. शिवाय दोन डोळ्यांत रेषांबरोबर लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीचीही चुरस लागते, आणि ज्यांना लाल-हिरवा भेद नीट कळत नाही त्यांना या प्रयोगात घेताच येणार नाही. मोजमापासाठी आरशांचे उपकरण करायचे ठरले.

६ ऑगस्ट २०२४

उपकरण तयार झाले. व्हीटस्टन यांचे मूळ यंत्रही आरशांचेच होते आणि रचना तीच आहे: नाकासमोर दोन छोटे आरसे काटकोनात जोडून उभे केलेले, डाव्या आरशात डावीकडच्या फळीवरील चित्र आणि उजव्या आरशात उजवीकडच्या फळीवरील चित्र. बाजारातील साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असल्याने काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून एक फिकट दुसरी प्रतिमा उमटते. ती टाळण्यासाठी पुढच्या बाजूने मुलामा असलेले आरसे हवे होते, ते एका जुन्या बिघडलेल्या झेरॉक्स यंत्रातून मिळाले. सुताराने हनुवटी टेकवायला लाकडी आधार करून दिला, कारण डोके अर्धा सेंटिमीटर सरकले तरी दोन्ही चित्रे एकमेकांवरून घसरतात.

डोळ्यापासून आरशापर्यंत आणि तेथून चित्रापर्यंत मिळून ५७ सेंटिमीटर अंतर ठेवले आहे. या अंतरावर कागदावरचा एक सेंटिमीटर डोळ्याशी जवळजवळ बरोबर एक अंशाचा कोन करतो, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. डावीकडे एका बाजूला कललेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि उजवीकडे त्यांना काटकोनात असलेल्या पट्ट्या, अशी गोल ठिपक्याएवढी चित्रे छापली. दोन्ही चित्रांभोवती अगदी सारखी जाड चौकट आहे. ही चौकट अत्यंत महत्त्वाची ठरली, कारण दोन्ही डोळ्यांना जुळवून धरण्यासाठी काहीतरी समान लागते. चौकट काढून घेतली की डोळे आपापल्या दिशेने भटकतात आणि दोन चित्रे शेजारी शेजारी दिसू लागतात.

चित्राचा आकार किती असावा यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. पाच-सहा सेंटिमीटरचे वर्तुळ घेतले की स्वच्छ आलटापालट होत नाही. एका कोपऱ्यात डाव्या पट्ट्या, दुसऱ्या कोपऱ्यात उजव्या, मध्ये त्यांच्या सीमा सरकताना दिसतात आणि सबंध वर्तुळ गोधडीसारखे तुकड्यांचे होते. सानियाने वहीत लिहिले आहे की एका टोकाला सुरू झालेला बदल पाण्याची ओल कागदावर पसरावी तसा दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. वर्तुळ एक-दीड सेंटिमीटरवर आणले तेव्हा तुकडे क्वचितच राहिले. चुरस संपूर्ण चित्रांची एकदम होत नसून दृष्टिक्षेत्राच्या लहान लहान भागांत स्वतंत्रपणे होते आणि शेजारचे भाग एकमेकांना ओढून घेतात, हे या एका निरीक्षणातून कळते.

१४ ऑगस्ट २०२४

आज निरीक्षक म्हणून वर्गातील आणखी काही विद्यार्थ्यांना बोलावले होते. त्यांपैकी एक जण बराच वेळ आरशांत पाहून म्हणाला, “मॅडम, मला एकच दिसतंय. बदलत काहीच नाही.” चौकट जुळलेली होती, आरसे स्वच्छ होते. उजवा डोळा झाकायला सांगितल्यावर त्याला डावीकडच्या पट्ट्या दिसल्या, पण त्या धुरकट आहेत असे तो म्हणाला. दोन्ही डोळे उघडताच त्या पुन्हा पूर्णपणे नाहीशा झाल्या.

याचा अंदाज मला होता, म्हणून त्याच्या पालकांशी त्याच दिवशी बोलून त्यांना मिरजेतील नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले. लहानपणी एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी माहिती सतत दाबून ठेवायला शिकतो. डोळ्याच्या रचनेत दोष नसतानाही त्याची नजर कमजोर राहते आणि त्याला बोलीभाषेत आळशी डोळा म्हणतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की जन्मानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत एक डोळा बंद ठेवला, तर मेंदूतील दृष्टिक्षेत्राच्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणेच जवळजवळ सोडून देतात. त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दडपणाचा आम्ही काही सेकंदांचा अभ्यास करत आहोत ते इथे वर्षानुवर्षे एकाच बाजूने चालू होते. प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून एकदा तरी तपासले जावेत, असे मला मनापासून वाटते. दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहणाऱ्या मुलाला स्वतःला आपली अडचण कधीच कळत नाही.

२३ ऑगस्ट २०२४

प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. डाव्या पट्ट्या दिसताच लॅपटॉपवरील डावे बटण, उजव्या दिसताच उजवे, आणि मिश्रण असेल तेव्हा दोन्ही सोडून द्यायची, एवढीच सूचना आहे. रोहनने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम प्रत्येक दाबण्या-सोडण्याची वेळ साठवतो.

बहुतेक कालखंड दीड ते चार सेकंदांच्या दरम्यान पडले. आलेखाचा आकार सर्वांचा सारखाच आला: डावीकडे उंच शिखर आणि उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी लांब शेपूट, म्हणजे मधूनच एखादा कालखंड आठ-दहा सेकंदही टिकतो. फॉक्स आणि हेरमन यांनी १९६७ मध्ये अशाच आकाराचे वर्णन केले होते आणि ते गणितातील गॅमा वितरणाशी चांगले जुळते. व्यक्तीव्यक्तींत वेगाचा फरक मोठा आहे. अनुजाचे चित्र झरझर बदलते, सानियाचे संथपणे, आणि दोघींचा हा स्वभाव प्रत्येक वेळी तसाच राहतो.

रोहन तालमीत जातो. आलेख पाहून तो म्हणाला, “मॅडम, वरचा पैलवान दाबून धरता धरता दमतो आणि खालचा तेवढ्यात दम घेतो, मग उलटतो. तसंच झालं की हे.” संशोधकांचे मुख्य स्पष्टीकरण खरोखरच असे आहे. एका चित्राला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशींचा गट दुसऱ्या गटाला दडपतो. सतत काम करून पहिल्या गटाचा जोर ओसरतो, दडपलेल्या गटाला विश्रांती मिळते, आणि एका क्षणी पारडे फिरते. पण हे एवढेच असते तर कालखंड सारख्या लांबीचे आले असते. म्हणून आम्ही प्रत्येक कालखंडाची लांबी आडव्या अक्षावर आणि लगेच पुढच्या कालखंडाची लांबी उभ्या अक्षावर घेऊन आलेख कागदावर ठिपके मांडले. ठिपक्यांना काही दिशाच मिळाली नाही, ते विखुरलेले राहिले. लांब कालखंडानंतर आखूड येईल की पुन्हा लांब, हे आधीच्या लांबीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. दमणे हा कारणाचा एक भाग आहे आणि चेतापेशींच्या कामात सतत असणारी अनियमित खळबळ हा दुसरा. दमण्यामुळे उलटण्याची वेळ जवळ येते, पण नेमका क्षण ही खळबळ ठरवते.

३ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सव आणि सहामाहीची तयारी यांमुळे प्रयोग थांबवले आहेत. उपकरण कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवले.

२० सप्टेंबर २०२४

आजचा प्रयोग मला संपूर्ण प्रकल्पात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डावीकडच्या पट्ट्या फिकट केल्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्याऐवजी गडद आणि फिकट करड्या रंगात छापल्या, आणि उजवीकडच्या तशाच ठेवल्या. प्रयोगापूर्वी तिघांकडून अंदाज लिहून घेतले होते. तिघांनीही लिहिले होते की फिकट चित्र आता कमी वेळ टिकेल.

फिकट चित्राचे कालखंड जवळपास पूर्वीएवढेच राहिले. लांबले ते दुसऱ्या, न बदललेल्या चित्राचे कालखंड. विलेम लेव्हेल्ट या डच संशोधकाने १९६५ मध्ये चुरशीचे जे चार नियम मांडले त्यांतील दुसरा नियम हाच आहे आणि तो कोणालाही प्रथम उलटाच वाटतो. २०१५ मध्ये लेव्हेल्ट यांनीच ब्रास्कॅम्प आणि क्लिंक यांच्यासह हे नियम सुधारून मांडले, पण दोन्ही चित्रे ठळक असताना एक फिकट केले तर परिणाम मुख्यतः दुसऱ्याच्या कालखंडांवर दिसतो, हे त्यातही कायम आहे.

कारण शोधायला रोहनची कुस्ती पुन्हा उपयोगी पडली. कालखंड संपतो तो खालचा उसळून वर येतो तेव्हा. खालचा अशक्त असेल तर त्याला उसळायला जास्त वेळ लागतो, म्हणून वरच्याचा काळ लांबतो. तोच अशक्त गडी वर असताना खाली मात्र जोरदार गडी असतो आणि तो पूर्वीच्याच वेळात उसळतो, त्यामुळे अशक्त गड्याच्या वर राहण्याचा काळ बदलत नाही. याचा निष्कर्ष असा की एखादे चित्र किती वेळ दिसत राहील हे त्या चित्राच्या जोरावर फारसे अवलंबून नसून, त्या वेळी न दिसणाऱ्या चित्राच्या जोरावर अवलंबून असते. दिसत नाही ते चित्र मेंदूत निष्क्रिय पडलेले नसते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग मला शाळेच्या पातळीवर माहीत नाही.

मग दोन्ही चित्रे सारखीच फिकट केली. आलटापालट संथ झाली. लेव्हेल्ट यांच्या चौथ्या नियमाप्रमाणे असेच व्हायला हवे.

२७ सप्टेंबर २०२४

मनाने ठरवून एक चित्र धरून ठेवता येते का? हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे म्हणणे होते की लक्ष देऊन, उदाहरणार्थ रेषा मोजत राहून, हवे ते चित्र टिकवता येते. त्यांचे समकालीन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांना ही चुरस मुख्यतः मनाच्या आवाक्याबाहेरची वाटत होती. आम्ही दोन्ही चित्रप्रकार घेतले. नेकरच्या घनात एक बाजू पुढे धरून ठेवण्याचा प्रयत्न बऱ्यापैकी यशस्वी होतो, आणि मुद्दाम भराभर उलटवायचे ठरवले तर तेही जमते. दोन डोळ्यांच्या चुरशीत मात्र सानियाने पट्ट्या मोजण्याचा हेल्महोल्ट्झ यांचा उपाय केला तेव्हा तिच्या पसंतीचे चित्र थोडे जास्त वेळ राहिले, पण मोजता मोजताच ते तिच्या हातून गेले. मेंग आणि टाँग यांनी २००४ मध्ये असाच फरक प्रसिद्ध केला आहे. हिमालयातील तिबेटी बौद्ध भिक्षूंवर कार्टर, पेटिग्र्यू आणि सहकाऱ्यांनी केलेला २००५ चा अभ्यास इथे लक्षात घेण्याजोगा आहे. एकाच बिंदूवर चित्त केंद्रित करण्याच्या ध्यानात अनेक भिक्षूंची आलटापालट लक्षणीयरीत्या मंदावली, करुणेच्या ध्यानात तसे झाले नाही. म्हणजे इच्छेने कल देता येतो आणि दीर्घ साधनेने तो कल वाढवता येतो, पण बदल घडवणारी मूळ यंत्रणा इच्छेच्या आधीच काम करत असते.

८ ऑक्टोबर २०२४

ही चुरस मेंदूत कुठे होते, यावर आज केवळ चर्चा आणि वाचन झाले. डावा डोळा उजव्या मेंदूकडे आणि उजवा डाव्याकडे जातो, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो, तो आधी दूर करावा लागला. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या दृष्टिपटलाचे तंतूच पलीकडे जातात, त्यामुळे मेंदूच्या दोन्ही बाजूंना दोन्ही डोळ्यांची माहिती मिळते. थॅलॅमसपर्यंत, म्हणजे मेंदूच्या मध्यभागातील माहिती पुढे पाठवणाऱ्या केंद्रापर्यंत, ती वेगवेगळ्या थरांत राहते आणि मेंदूच्या मागील टोकाच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोहोचल्यावर एकत्र येऊ लागते.

निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी १९८९ पासून माकडांना आपल्याला काय दिसते ते कळ दाबून सांगायला शिकवले आणि त्याच वेळी एकेका चेतापेशीची नोंद घेतली. प्राथमिक दृष्टिक्षेत्रात आणि त्याच्या लगतच्या भागात साधारण पाचातील एकच पेशी माकडाला दिसणाऱ्या चित्राबरोबर बदलत होती, मधल्या पातळीवर पाचातील दोन, आणि कानशिलाच्या आतील खालच्या भागात, जिथे चेहरे आणि वस्तू ओळखल्या जातात, तिथे शेनबर्ग आणि लोगोथेटिस यांना १९९७ मध्ये सुमारे ९० टक्के पेशी दिसण्याच्या बाजूने बदलताना आढळल्या. माणसांत टाँग, नाकायामा, व्हॉन आणि कॅनविशर यांनी १९९८ मध्ये एका डोळ्याला चेहरा आणि दुसऱ्याला घर दाखवले. चेहरा दिसू लागताच चेहऱ्यांसाठीच्या भागात आणि घर दिसू लागताच स्थळांसाठीच्या भागात एमआरआयवर क्रिया वाढली, आणि ती वाढ खरोखर चित्र बदलून दाखवल्यावर होते तेवढीच होती.

रोहनचा प्रश्न होता की लढत डोळ्याडोळ्यांत असते की चित्राचित्रांत. लोगोथेटिस यांच्या गटाने १९९६ मध्ये दोन्ही चित्रे लुकलुकती ठेवून सेकंदाच्या दर तृतीयांशाला डोळ्यांत अदलाबदल केली. लढत डोळ्यांची असती तर दिसणारे चित्रही तितक्याच वेळा बदलले असते, पण एकच चित्र सलग काही सेकंद टिकून राहिले. लुकलुकवण्याची सोय आमच्याकडे नाही. त्याऐवजी कोवाच आणि सहकाऱ्यांची त्याच वर्षीची युक्ती केली. आयर्विन पुलाचे छायाचित्र आणि जास्वंदीच्या फुलाचे छायाचित्र चौकोनी तुकड्यांत कापून त्यांची अशी सरमिसळ केली की प्रत्येक डोळ्यापुढे अर्धा पूल आणि अर्धे फूल यावे. बहुतेक वेळ भेसळच दिसते, पण मधूनच, क्षणभर का होईना, पुलाच्या कमानी सलग दिसतात किंवा फूल अखंड उमलते. तसे होण्यासाठी मेंदूने दोन्ही डोळ्यांतून हवे ते तुकडे निवडलेले असतात. अनुजाने हे पाहिले तेव्हा ती कितीतरी वेळ हनुवटी आधारावरून उचलायलाच तयार नव्हती. लढत एका पातळीवरची नाही असे मानणे आता रास्त वाटते: सुरुवातीच्या पातळीवर डोळ्यांची, वरच्या पातळीवर आकृत्यांची, आणि दोन्ही एकमेकांवर परिणाम करणाऱ्या.

१८ ऑक्टोबर २०२४

दोन्ही चित्रांपुढे पुठ्ठ्याचे झाकण बसवले. उजव्या पट्ट्या दिसत असताना झाकण टाकायचे, तीन-चार सेकंदांनी काढायचे आणि प्रथम काय दिसते ते सांगायचे. दमण्याच्या कल्पनेनुसार मधल्या काळात दोन्ही गटांना विश्रांती मिळालेली असल्याने कोणतेही चित्र येऊ शकले असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जाताना जे होते तेच परत आले. लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की असे खंड पाडत राहिले, तर एरवी काही सेकंदांत उलटणारी दृश्ये पुष्कळ काळ स्थिर राहतात. संदिग्ध दृश्याचा मागचा निर्णय मेंदू कुठेतरी जपून ठेवतो. हा परिणाम नेकरच्या घनातही आला, तेव्हा तो डोळ्यांपुरता मर्यादित नाही.

२६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजणीच्या पद्धतीवरच प्रश्न निघाला. बटण दाबण्यासाठी बदल झाल्याचे लक्षात घ्यावे लागते, ठरवावे लागते, बोट हलवावे लागते. लूमर, फ्रिस्टन आणि रीस यांना १९९८ मध्ये बदलाच्या क्षणी कपाळामागील आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या भागांत क्रिया आढळली, म्हणून बदलाचा आदेश तेथून येतो असे अनेकांना वाटले. पण फ्रेसल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बटण न वापरता डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुलीचा आकार यांवरून बदल ओळखले, तेव्हा पुढच्या भागातील क्रिया पुष्कळ कमी झाली. तिचा मोठा वाटा सांगण्याच्या कामाचा होता.

तीच कल्पना आम्ही उतरवली. पट्ट्यांच्या कागदांऐवजी दोन मोबाइल ठेवले, एकावर पट्ट्या डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे सरकतात. धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याचे डोळे जसे हळू एका बाजूला जातात आणि झटक्याने परत येतात, तसे डोळे त्या क्षणी दिसणाऱ्या पट्ट्यांच्या दिशेने हलतात, आणि ही हालचाल आपोआप होते. आरशांच्या वरच्या फटीतून तिसऱ्या मोबाइलने डोळ्याचे संथगती चित्रण घेतले. सानियाच्या चित्रणात बुबुळाची सरकण्याची दिशा उलटलेली स्पष्ट दिसते, आणि बटणाचा आवाज त्यानंतर येतो. बटणावर काढलेल्या आमच्या सर्व वेळा त्यामुळे थोड्या उशिराच्या आहेत. मात्र प्रत्येक कालखंडाच्या सुरुवातीला आणि शेवटाला जवळपास सारखाच उशीर होत असल्याने कालखंडांच्या लांबीवर त्याचा परिणाम किरकोळ आहे.

१० डिसेंबर २०२४

ऑगस्टमध्ये ज्याला एकच चित्र दिसत होते तो विद्यार्थी आज पुन्हा आला. त्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक निघाला होता, तो आता चष्मा वापरतो, आणि नेत्रतज्ज्ञांना व पालकांना विचारूनच त्याला उपकरणापाशी बसवले. सारख्या ठळक चित्रांत त्याला अजूनही उजवीकडचेच दिसते. सप्टेंबरच्या प्रयोगाप्रमाणे उजवीकडचे चित्र टप्प्याटप्प्याने फिकट करत गेलो. बऱ्याच फिकट टप्प्यावर आल्यावर डावीकडच्या पट्ट्या त्याला प्रथमच दोन्ही डोळे उघडे असताना दिसल्या, गेल्या, आणि पुन्हा आल्या. आळशी डोळ्याच्या उपचारांवरील संशोधनात चांगल्या डोळ्याचे चित्र असेच फिकट करून दोन्ही डोळ्यांना बरोबरीने कामाला लावण्याची पद्धत वापरली जाते. आमचा हेतू उपचाराचा नाही आणि तसे त्याला स्पष्ट सांगितले आहे. ज्या टप्प्यावर दोन्ही चित्रे त्याला सारखा वेळ दिसली त्या कागदाचा क्रमांक टिपून ठेवला असून, पालकांची हरकत नसल्याने तीच मोजणी दर महिन्याला करायची आणि आकडे त्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचे असे ठरले आहे. करड्या छटांचे टप्पे सध्या फार दूर दूर आहेत, म्हणून रोहन पुढच्या आठवड्यापर्यंत मधल्या छटांचे कागद छापून आणणार आहे.